एक बात म्हणजे किती?

बँकॉकहून परतलेल्या माणसाला आपल्याकडे पहिला प्रश्न ठरलेला असतो : तिकडचा बाथ आपल्या किती रुपयांना पडतो? मी मुंबईत एका बँकेच्या परकीय चलन खात्यात नोकरी केली, त्यामुळे बँकॉकला न जाताही हा प्रश्न मला वर्षानुवर्षं विचारला गेला. २०२५ च्या सुरुवातीला त्याचं उत्तर अडीच रुपयांच्या आसपास होतं. १९९६ साली ते सव्वा ते दीड रुपयाच्या मध्ये होतं. आणि जानेवारी १९९८ मध्ये, थोडेच दिवस, ते सत्तर पैशांच्या घरात आलं होतं. म्हणजे दीड वर्षात एका देशाचं नाणं आपल्या रुपयाच्या तुलनेत निम्म्यावर आलं. त्या सत्तर पैशांनी मला या विषयाच्या नादाला लावलं.

आपली वर्तमानपत्रं ‘बाथ’ छापतात. थाई माणूस म्हणतो ‘बात’, मधला आ लांबवून. मीही आज बातच म्हणणार आहे.

आधी एक वस्तू दाखवतो. पुढच्या रांगेपासून फिरवा, सावकाश बघा. करवंदाएवढा चांदीचा गोळा आहे. पण तो ओतलेला नाही. चांदीची जाड कांडी ठोकून तिची दोन्ही टोकं आत वळवली आहेत, कूस वळून झोपलेल्या अळीसारखी. थाई भाषेत याला फोत दुआंग म्हणतात, म्हणजे वळलेली अळी. युरोपातल्या व्यापाऱ्यांना ती बंदुकीच्या गोळीसारखी वाटली, म्हणून त्यांनी नाव दिलं ‘बुलेट मनी’. बाजूला छिन्नीची खाच आहे, ती नखाने चाचपून बघा. आतपर्यंत चांदीच आहे, मध्ये तांबं भरलेलं नाही, हे घेणाऱ्याला दिसावं म्हणून ती खाच असे. वर दोन छाप आहेत. एक चक्राचा, तो चक्री राजघराण्याचा. दुसरा मुकुटाचा, कारण हे नाणं चौथ्या रामाच्या, राजा मोंगकुटच्या काळातलं आहे. मोंगकुट म्हणजे मुकुट, शब्द आपलाच. राजाचं नावच त्याच्या नाण्यावर चित्र होऊन बसलंय.

आमच्या गल्लीतल्या सराफाच्या काट्यावर मी हे ठेवलं. पंधरा ग्रॅम आणि वर थोडंसं. हेच एक बात.

बात हे मुळात वजनाचं नाव आहे, जसा आपला तोळा. चार बातांचं एक तामलुंग, वीस तामलुंगांचं एक छांग. खाली आलं की पाव बात म्हणजे सलुंग, त्याचा अर्धा फुआंग. ‘बात’ शब्दाचं मूळ अभ्यासक पालीतल्या ‘पाद’पर्यंत नेतात. पाद म्हणजे पाय, आणि चौथा हिस्साही. बात तामलुंगाचा चौथा हिस्साच आहे. आपण ज्याला पाव म्हणतो, आणि चार आण्यांच्या नाण्याला आपल्या आज्या पावली म्हणायच्या, तेही त्याच पादातून आलं. थाई भाषेत बुद्धाच्या पावलाला ‘फ्रा बात’ म्हणतात, आणि तो ‘बात’ याच अक्षरांनी लिहितात. नंतर दशमान पद्धत आली तेव्हा बाताचे शंभर भाग झाले, त्यांचं नाव सतांग. शत आणि अंग. या देशाचा खिसा उघडला की आपल्या ओळखीचे शब्द असे बाहेर पडतात.

सगळ्यात बारीक चिल्लर मात्र चांदीची नव्हती. ती होती कवडी, मालदीवच्या समुद्रातली. थाई नाव बिआ. आठशे कवड्यांचा एक फुआंग धरला की बातेला चौसष्टशे कवड्या होतात. अर्थात हा भावही गलबतं किती कवड्या आणतात यावर खालीवर व्हायचा. कवडी आपल्याकडे कवडीमोल, फुटकी कवडी अशी भाषेत उरली. तिकडे ती व्याजात उरली. व्याजाला थाई माणूस आजही ‘दोक बिआ’ म्हणतो, कवडीचं फूल. मुद्दल म्हणजे झाड आणि त्याला आलेलं फूल म्हणजे व्याज. इतका सुंदर शब्द मी बँकेतल्या एकाही कागदावर पाहिला नाही. आणि एखाद्याचं डोकं जरा कमी चालतं असं म्हणायचं असेल तर थाई लोक म्हणतात, ‘याचा बात पूर्ण भरत नाही.’ आपण एखादी गोष्ट सोळा आणे खरी म्हणतो, तसाच हा हिशेब.

हे सगळं वजनावर चालत होतं तोवर विनिमयाचा प्रश्न सोपा होता. तुमच्या नाण्यात किती चांदी, माझ्या नाण्यात किती, तराजूत टाका. अडचण १८५५ नंतर सुरू झाली. त्या वर्षी ब्रिटिशांचा दूत जॉन बाउरिंग याने राजा मोंगकुटशी करार केला आणि सयामचा, म्हणजे आजच्या थायलंडचा, व्यापार खुला झाला. तांदूळ न्यायला जहाजांची रांग लागली, आणि तांदळाच्या बदल्यात मेक्सिकोचे चांदीचे डॉलर येऊ लागले. दर ठरला : तीन डॉलरला पाच बात. पण शेतकऱ्याला डॉलर नको होता, त्याला ओळखीची अळी हवी होती. व्यापारी डॉलर घेऊन टांकसाळीच्या दारात उभे, आणि आत कारागीर एकेक कांडी हातोडीने वळवतायत. ते किती पुरे पडणार? दरबाराने परक्या डॉलरवरच आपलं चक्र आणि मुकुट ठोकून बघितलं, तरी लोकांच्या मनात ते बसेना. चलनाच्या इतिहासात मला हा प्रसंग फार महत्त्वाचा वाटतो. चांदी खरी होती, वजन खरं होतं, राजाचा शिक्काही खरा होता, तरी नाणं चाललं नाही. ओळख नसेल तर नुसती चांदी पुरत नाही.

मग राणी व्हिक्टोरियाकडून हाताने चालवायचं टांकसाळीचं यंत्र भेट आलं, त्यापाठोपाठ वाफेवरचं यंत्र आलं, आणि १८६० पासून चपटी गोल नाणी मोठ्या प्रमाणावर पडू लागली. त्यांतलं छोटं नाणं होतं अत, बातेचा चौसष्टावा भाग. आपल्या रुपयाचे तेव्हा चौसष्ट पैसे होते, हे इथे बसलेल्या ज्येष्ठांना सांगायला नको. फोत दुआंग त्यानंतरही चालू राहिली. ती १९०४ मध्ये बंद झाली.

आता खरा पेच. १८७० नंतर जर्मनीसह युरोपातले देश सोन्याच्या मानकावर गेले, म्हणजे त्यांनी नाण्याचा भाव सोन्यात बांधला, अमेरिकेतल्या खाणींतून चांदी बदाबदा बाहेर आली, आणि जगभर चांदीचा भाव कोसळला. ज्यांचं नाणं चांदीचं त्यांचं नाणं कोसळलं. आठ बातांना एक पौंड मिळायचा, तिथे १९०२ पर्यंत वीसहून जास्त बात मोजावे लागू लागले. आपला रुपया त्याच वाटेने गेला होता. १८९३ मध्ये हिंदुस्थान सरकारने टांकसाळी खुल्या चांदीसाठी बंद केल्या आणि रुपया हळूहळू सोळा पेन्सावर आणून बसवला. सयामच्या दरबारातले ब्रिटिश अर्थसल्लागार हिंदुस्थानच्या सरकारी नोकरीतून तिकडे गेलेले होते. नोव्हेंबर १९०२ मध्ये सयामनेही तेच केलं : टांकसाळ बंद, चांदी आणून नाणी पाडून घेण्याचा हक्क संपला. त्याच वर्षी सप्टेंबरात सरकारच्या पहिल्या कागदी नोटा निघाल्या होत्या. त्याआधी परक्या बँकांच्या नोटा बँकॉकमध्ये चालायच्या, म्हणून नोटेला थाई माणूस आजही ‘बँक’ म्हणतो. सुटे पैसे मागताना ‘एक शंभराची बँक द्या’ म्हणतात.

त्या दिवसापासून बात वजनापासून सुटला. नाण्यातली चांदी एका भावाची आणि नाण्याचा भाव दुसरा. वीस बातांना पौंड इथून सुरुवात करून सरकारने तो टप्प्याटप्प्याने चढवत नेला, आणि १९०८ च्या कायद्याने तेरा बातांना पौंड हा दर सोन्यात बांधला. चलन महाग ठेवल्याने तांदूळ पिकवणाऱ्याला बातेत कमी मिळतं, हे त्यांना कळत नव्हतं असं नाही. पण रेल्वेचे रूळ, इंजिनं, तोफा सगळं पौंडात विकत घ्यायचं होतं. ब्रह्मदेश इंग्रजांनी गिळलेला, लाओस आणि कंबोडिया फ्रेंचांनी गिळलेला, आणि मध्ये हा एकटा स्वतंत्र देश. त्याला परदेशी कर्ज कमीत कमी बातांत फेडायचं होतं. माझ्या मते थाई चलनाच्या इतिहासातला हा सर्वांत धाडसी निर्णय आहे, आणि त्याचं बिल शेतकऱ्याने भरलं.

पहिल्या महायुद्धात उलटं झालं. चांदी इतकी महाग झाली की नाण्यातली धातू नाण्यापेक्षा मोलाची होऊ लागली, आणि लोक नाणी वितळवतील या भीतीने बात वर नेत नेत १९१९ मध्ये साडेनऊ बातांच्या आसपास पौंड झाला. १९२३ मध्ये तो अकरावर परत आणला. १९३१ च्या सप्टेंबरात ब्रिटनने सोनं सोडलं, पौंड पडला. सयामने मात्र सोनं धरून ठेवलं. सयामचा तांदूळ जायचा सिंगापूर, हाँगकाँगकडे, म्हणजे पौंडाच्या मुलुखात, आणि तिथे तो एकदम महाग झाला. मंदीत भाताचे भाव आधीच पडलेले होते, सरकार नोकरांची कपात करत होतं. मे १९३२ मध्ये सोनं सोडलं, बात पुन्हा पौंडाला बांधला. पुढच्याच महिन्यात, २४ जूनला, राजाची अनियंत्रित सत्ता संपवणारी क्रांती झाली. क्रांती काही एका विनिमय दरामुळे होत नाही. पण त्या आठ महिन्यांचा हट्ट नसता तर सरकारी तिजोरीला आणि गावांना इतकी झळ बसली नसती, असं मला वाटतं.

दुसऱ्या महायुद्धात बात येनला बांधला गेला, आणि ते बांधणं मैत्रीचं नव्हतं. आधी शंभर बातांना दीडशेहून अधिक येन मिळायचे. एप्रिल १९४२ मध्ये दर ठरला एकास एक. कागदावर ही समानता दिसते. पण बाजारात उभं राहून बघा : जपानी सैनिकाच्या एका येनला काल जेमतेम पासष्ट सतांगांचा माल यायचा, आज पूर्ण एका बातेचा यायला लागला. त्याच वर्षी मध्यवर्ती बँक जपानच्या वर्चस्वाखाली उघडण्याचा दबाव आला. राजघराण्यातले विवत्तनचाय चायान हे अर्थतज्ज्ञ तेव्हा पुढे झाले, घाईघाईने स्वतःचा कायदा करून घेतला आणि १० डिसेंबर १९४२ ला ‘बँक ऑफ थायलंड’ उघडली. पहिले गव्हर्नर तेच. सैन्याला बात द्यावे लागलेच, महागाई भडकलीच, पण बँक थाई राहिली. तिच्या जन्माची ही गोष्ट तिथले लोक अभिमानाने सांगतात, आणि तो अभिमान त्यांना शोभतो.

युद्धानंतरची वर्षं जरा गुंतागुंतीची आहेत, त्यातलं एकच सांगतो. १९४७ ते १९५५ या काळात एकच दर नव्हता. १९४९ नंतर सरकारी दर डॉलरला साडेबारा बात आणि खुल्या बाजारात वीसच्या जवळपास. तांदळाचे सगळे डॉलर सरकारला सरकारी दराने द्यायचे. रबर आणि कथील विकणाऱ्याला थोडाच हिस्सा द्यावा लागे, बाकीचे तो बाजारभावाने विके. म्हणजे भाताच्या प्रत्येक डॉलरमागे सात-आठ बात सरकारच्या खिशात. कराचं नाव नाही, पावती नाही, आणि शेतकऱ्याला पत्ताही नाही. १९५५ मध्ये दर एक झाला तेव्हा तांदळाच्या निर्यातीवर उघड अधिभार बसवला, आणि तो १९८६ पर्यंत राहिला.

पुढे बात डॉलरला बांधला गेला. १९६३ पासून वीस बात ऐंशी सतांग, नंतर वीस, मग १९८१ मध्ये तेवीस. नोव्हेंबर १९८४ मध्ये अर्थमंत्री सोम्माई हूनत्रकून यांनी तो सत्तावीसवर नेला, तेव्हा लष्करप्रमुख अर्थित यांनी दूरचित्रवाणीवर येऊन निर्णय मागे घ्या म्हणून सांगितलं. शस्त्रं डॉलरमध्ये घ्यायची असतात, ती महागली होती. पंतप्रधान प्रेम यांनी निर्णय मागे घेतला नाही. पुढच्या दशकात थायलंडच्या कारखान्यांनी जी झेप घेतली तिच्यामागे स्वस्त बात हे एक मोठं कारण आहे.

आणि मग १९९७. इथे मी जरा थांबणार आहे, कारण हे मी खिडकीपलीकडून पाहिलं.

बात तेव्हा डॉलरला पंचवीसच्या आसपास वर्षानुवर्षं स्थिर होता. १९९३ मध्ये परदेशी कर्ज सहज आणता यावं म्हणून बँकॉकमध्ये खास सोय उघडली गेली. डॉलरचं कर्ज स्वस्त, बाताचं महाग. मग काय, डॉलर आणा, बातेत बदला, इमारती बांधा. दर हलणारच नाही अशी सगळ्यांची खात्री, त्यामुळे विमा कोणी उतरवत नव्हतं. देशाचं परकीय कर्ज शंभर अब्ज डॉलरच्या वर गेलं, आणि त्यातलं बरंच एका वर्षाच्या आत फेडायचं होतं. १९९६ मध्ये निर्यात थबकली. फेब्रुवारी १९९७ मध्ये एका बांधकाम कंपनीने रोख्यांवरचं देणं चुकवलं, आणि जगभरच्या सट्टेबाजांचे डोळे बातेकडे वळले.

मध्यवर्ती बँकेने काय केलं ते घरातल्या भाषेत सांगतो. कपाटात सोनं आहे असं शेजाऱ्यांना दाखवायचंय, पण सोनं तर विकावं लागतंय. मग सोनं विकायचं, आणि लगेच दुसऱ्याकडून उसनं आणून कपाटात ठेवायचं, काही महिन्यांनी परत करायच्या बोलीवर. कपाट उघडलं की भरलेलं दिसतं. बँकेने डॉलरच्या बाबतीत वायद्याच्या सौद्यांनी हेच केलं. जून १९९७ च्या अखेरीस हिशेबाच्या वहीत तीस अब्जांहून अधिक डॉलर होते. देण्याच्या बोलीचे वजा केले तर उरत होते तीन अब्जांपेक्षाही कमी. पुढे नुकून प्रचुआबमोह यांच्या चौकशी समितीने हे आकडे उघड मांडले.

३० जूनला पंतप्रधान चवलित यांनी दूरचित्रवाणीवर सांगितलं, अवमूल्यन होणार नाही. २ जुलैला सकाळी बात मोकळा सोडला. आमच्या खात्यात पडद्यावर त्याचे आकडे हलायला लागले तेव्हा शेजारच्या टेबलावरचा माझा सहकारी चहाचा कप हातात धरून तसाच उभा राहिला. चहा प्यायलाच नाही. आमचा बातेत मोठा व्यवहार नव्हता, नुकसान काही नव्हतं. पण जे हलत नाही असं आम्ही रोज गृहीत धरत होतो, ते डोळ्यांदेखत हलत होतं. ऑगस्टमध्ये आंतरराष्ट्रीय नाणेनिधीच्या पुढाकाराने सतरा अब्ज डॉलरची मदत ठरली. डिसेंबरात छप्पन्न वित्त कंपन्या कायमच्या बंद झाल्या. जानेवारीत डॉलर छप्पन्न बातांवर गेला. ज्याने पंचवीस कोटी बातांचं म्हणून कर्ज काढलं होतं, त्याच्या डोक्यावर छप्पन्न कोटी उभे राहिले, एक वीटही न वाढता. बँकॉकच्या साथोन भागात नदीजवळ तेव्हा अर्धवट राहिलेला एकोणपन्नास मजली मनोरा पुढे कित्येक वर्षं तसाच रिकामा उभा होता. मी तो पाहिला आहे. वरच्या मजल्यांच्या सज्जांतून झाडं उगवली होती.

थाई लोक या संकटाला ‘तोम यम कुंग’ म्हणतात, त्यांच्या कोळंबीच्या आंबट-तिखट कढणाचं नाव. पैसेवाल्या घरांनी घड्याळं, गाड्या, पियानो विकायला काढले, त्यासाठी ‘एकेकाळच्या श्रीमंतांचा बाजार’ भरला.

याच काळात उदोन थानी प्रांतातले वृद्ध भिक्खू लुआंग ता महा बुआ यांनी हाक दिली : देशाची तिजोरी रिकामी झाली आहे, सोनं द्या. बायकांनी गळ्यातली साखळी काढून दिली, कोणी अंगठी दिली. गरिबाच्या घरी सोनं साठतं ते सलुंग-सलुंगाने, आणि गेलंही तसंच. मोहीम वर्षानुवर्षं चालली. बारा टनांच्या वर सोनं गोळा झालं, ते वितळवून विटा पाडल्या आणि मध्यवर्ती बँकेच्या राखीव साठ्यात जमा केल्या. नाणेनिधीचं कर्ज २००३ मध्ये मुदतीच्या आधीच फिटलं. ते फिटण्यात निर्यातीचा वाटा मोठा होता, हे खरं. पण त्या साखळ्यांबद्दल बोलताना माझा आवाज अजून बदलतो.

त्यानंतर बात मोकळाच आहे. आता तक्रार उलटी असते, बात फार चढतो म्हणून निर्यातदार ओरडतात. डिसेंबर २००६ मध्ये येणाऱ्या परकीय पैशातला तीस टक्के भाग अडकवून ठेवायचा नियम बँकेने काढला, दुसऱ्याच दिवशी शेअर बाजार पंधरा टक्क्यांच्या आसपास कोसळला, आणि त्याच संध्याकाळी शेअरपुरता तो मागे घ्यावा लागला.

बँकॉकला गेलात तर यावरात रस्त्यावर जा. चिनी वस्तीतला तो सोन्याचा बाजार आहे, दुकानं आतून सगळी लालभडक. भिंतीवर पाटी असते, दोन भाव, घेण्याचा आणि देण्याचा. मी एका दुकानात काउंटरपाशी उभा होतो. शेजारी एक बाई आल्या, भाजीची पिशवी हातात. त्यांनी पदराच्या गाठीसारखी बांधलेली रुमालाची पुरचुंडी सोडली, त्यातल्या नोटा मोजून दिल्या आणि मागितलं, एक सलुंग. दुकानदाराने बारीक अंगठी काट्यावर ठेवली. आकडा आला तीन पूर्णांक एकोणऐंशी ग्रॅम, बाताचा चौथा हिस्सा. पाटीवर भाव लिहिला होता तो एका बातेचा, बातांत. २०२४ मध्ये एक बात सोनं चाळीस हजार बातांच्या वर गेलं. चांदीचा हिशेब मी घरी येऊन केला : तुमच्या हातात फिरतोय त्या गोळ्यातली एक बात चांदी तेव्हा साधारण पाचशे बातांची होती.

नाणं कुठवर पोचलं? मागच्या रांगेत अजून गेलं नसेल तर घाई करू नका, सगळ्यांचं बघून होऊ द्या.